उतरवलेली कावीळ

रत्नप्रभाबाईंच्या घरात प्रश्न कोणालाही विचारलेला असो, उत्तर त्या देत. मुलुंडमध्ये हे सर्वांना ठाऊक होते. घाटकोपरच्या रुग्णालयाला ते १९८६ सालच्या फेब्रुवारीत कळले.

परिचारिकेने दारात उभे राहून "बाळ परब" असा पुकारा केला आणि नजर खाली वळवली, कारण ती एखादे पाच-सहा वर्षांचे मूल शोधत होती. बाकावरून त्रेचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला, भांडुपच्या एका कारखान्यात भांडारपाल असलेला गृहस्थ उठला. त्याच्या मानेवर लिंबाएवढ्या तीन गाठी होत्या. त्याचे नाव कागदोपत्रीही बाळच होते. शाळेत घालताना रत्नप्रभाबाईंनी तसे लिहून दिले होते, आणि त्यांनी लिहून दिलेले बदलण्याची त्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती.

बाळ हा त्यांचा धाकटा दीर. त्या लग्न होऊन कणकवलीच्या पलीकडच्या गावी सासरी आल्या तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पुढे सासू गेली, गिरणीत असलेले यजमानही संपाच्या आधीच गेले, आणि पोटी मूल नसलेल्या रत्नप्रभाबाईंकडे सांभाळण्याजोगे असे एवढेच उरले. बाळचे लग्न झाले होते, कुंदा नावाची समजूतदार बायको होती; पण दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताला वहिनी बसत आणि कुंदा पिशव्या घेऊन मागच्या बाकावर.

डॉक्टर मृणालिनी तरुण होत्या आणि समोरच्या छापील कागदावरचे प्रश्न एकही न गाळता विचारीत होत्या.

"मधुमेह?"

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"रक्तदाब?"

"नाही. त्याला रागसुद्धा येत नाही."

"दारू?"

"आमच्या घरात?"

डॉक्टरांनी 'नाही' असे लिहिले. "पूर्वी कधी कावीळ झाली होती?"

आतापर्यंत टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे पाहत बसलेल्या बाळने मान वर केली आणि वहिनीकडे पाहिले.

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"त्यांना बोलू द्या ना."

"तो माझ्याहून वेगळं काय सांगणार?"

"वहिनी सांगतात ते बरोबर," बाळ म्हणाला.

"मी उगीच विचारत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "या गाठींवर जी औषधं द्यायची आहेत, ती शरीरातला पहारा ढिला करतात. आत एखादं जुनं दुखणं दबा धरून बसलं असेल तर ते संधी साधतं. कावीळ झालेली असेल तर आधी एक खास रक्ततपासणी करावी लागते. ती आम्ही सगळ्यांची करत नाही."

"मग करू नका," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

त्या खोटे बोलल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हिशेबी ते खोटे नव्हते. बाळला कावीळ झाली होती, हे खरे. पण ती उतरवली होती. आणि उतरवलेल्या काविळीचे नाव घ्यायचे नसते.

ती हकिगत १९४९ सालची. बाळ सहा वर्षांचा होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात अन्नाचा कण ठरेना. सासू देवापाशी रडत बसली, चुलते तालुक्याला जायच्या गाडीची चौकशी करीत बसले, आणि बावीस वर्षांच्या रत्नप्रभाबाईंनी कोणालाही न विचारता पोराला कडेवर घेऊन दोन कोस चालत धोंडूचे घर गाठले. धोंडू कावीळ उतरवी. दर रविवारी त्याच्या खळ्यात पोरांची रांग लागे. तो दंडावर दाभणाने तीन टोचे मारी, वर कसल्याशा पाल्याचा रस चोळी आणि गळ्यात काड्यांची माळ बांधी. त्या दिवशी बाळचा नंबर पाचवा होता. दाभण पाहून त्याने आकांत मांडला, तेव्हा रत्नप्रभाबाईंनी आधी स्वतःचा दंड पुढे केला. "हे बघ, मला काही झालं नाही. आता तू." धोंडूने दोघांनाही टोचले आणि निघताना बजावले की उतरलेल्या काविळीचे नाव तोंडावर आणायचे नाही, नाव घेतले की ती परत चढते.

तीन आठवड्यांनी बाळ प्रथमच पोटभर जेवला. सासूने त्याच संध्याकाळी कोठीच्या खोलीची किल्ली थोरल्या सुनेच्या हातात दिली. रत्नप्रभाबाईंची त्या घरातली सत्ता तेव्हापासूनची. सदतीस वर्षे त्यांनी ते नाव घेतले नाही आणि बाळलाही घेऊ दिले नाही. शेजारच्या कोणाला ते दुखणे झाले तर त्या 'पिवळे' म्हणत.

औषधांचा पहिला फेरा सुरू झाला. दर तीन आठवड्यांनी एक दिवस शिरेतून औषध, आणि पुढचे पाच दिवस स्टेरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या. रत्नप्रभाबाईंनी घरात तशी शिस्त लावली. पाणी उकळलेले, भाजी शिजवलेली, पाहुणा दाराबाहेर. बाळचे केस गेले, तेव्हा त्यांनी त्याला यजमानांची काळी टोपी काढून दिली आणि आरसा न्हाणीघरातून काढून ठेवला. चौथ्या फेऱ्यापर्यंत मानेवरच्या तिन्ही गाठी विरघळल्या. डॉक्टर मृणालिनी प्रसन्न झाल्या. रत्नप्रभाबाईंना त्यात प्रसन्न होण्यासारखे काही वाटले नाही. औषधाने औषधाचे काम केले होते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बाळला गॅलरीत बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगितले. हा रोजचा परिपाठ होता. तो वाचत होता आणि त्या त्याच्या डोळ्यांकडे पाहत होत्या.

"डोळे वर कर."

"वहिनी, आंबे खातोय मी रोज," बाळ म्हणाला. "रंग उतरला असेल."

"आंबा डोळ्यांत उतरत नाही. बनियन दाखव."

बनियनच्या काखेत पिवळा डाग होता. कुंदाने तो हळदीचा ठरवला. रत्नप्रभाबाईंना जे बोलायचे होते त्याचे नाव घ्यायचे नव्हते. शुक्रवारी सकाळी त्या दोघांना घेऊन घाटकोपरला गेल्या आणि परिचारिकेला म्हणाल्या, "याला पिवळे झाले आहे."

रक्त तपासले. यकृताचे जे आकडे चाळिसाच्या आत असायला हवेत ते आठशेच्या घरात होते. मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि निदान केले की औषधांचे यकृताला वावडे आले आहे. वावड्यावर उपाय त्याच पांढऱ्या गोळ्या, पण दुप्पट आणि महिनाभर. सोमवारी खाट रिकामी होणार होती. सोमवारी भरती करून गोळ्या सुरू करायच्या.

डॉक्टर मृणालिनी दारापर्यंत सोडायला आल्या. "आजी, एकदा आठवून सांगा. लहानपणी कावीळ नक्की नव्हती ना? असली तर या गोळ्या विषासारख्या होतील. पहारा आणखी ढिला होईल."

बाळने पुन्हा वहिनीकडे पाहिले.

"मी आजी नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मी त्याची वहिनी आहे." आणि त्या रिक्षात बसल्या.

घरी दोन दिवस त्या कोणाशी नीट बोलल्या नाहीत. नाव न घेता ती परत चढली होती. करार धोंडूने मोडला होता, त्यांनी नव्हे. पण धोंडू वारल्याला वीस वर्षे झाली होती आणि जाब विचारायची सोय नव्हती. नाव घेतले तर आणखी चढेल. न घेतले तर सोमवारी गोळ्या. शनिवारी त्यांनी तुळशीला दोनदा पाणी घातले, हे कुंदाने पाहिले.

रविवारी सकाळी दहा वाजता दाराची कडी वाजली. बाहेर काशीराम उभा होता. हा धोंडूचा पुतण्या. आठवड्याचे सहा दिवस तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीन चालवी आणि सातव्या दिवशी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कावीळ उतरवीत हिंडे. त्याला कुंदाने निरोप धाडला होता. जावेला न विचारता तिने केलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती.

"वयनी, वळखलात मा?" काशीरामने वाकून नमस्कार केला.

"ओळखलं. धोंडूसारखाच वेंधळा दिसतोस. कुणी बोलावलं तुला?"

"मी," दारामागून कुंदा म्हणाली. "तुम्ही दोन दिवस गप्प आहात, वहिनी. तुम्ही गप्प असलात की मला भीती वाटते."

काशीरामने जमिनीवर रुमाल पसरला आणि पिशवीतून सामान काढून मांडले: पाला, माळ आणि दाभण. दाभणाच्या लाकडी मुठीवर तांब्याचे कडे होते. सदतीस वर्षांपूर्वी ते आपल्याच दंडाजवळ आलेले रत्नप्रभाबाईंनी पाहिले होते.

"हे धोंडूचं."

"तर! काकान जाताना माझ्या हातात दिल्यान. आज सकाळपासून सात जणांची उतरवलंय. तीन भांडुपात, चार हयच." त्याने दाभण रुमालाला पुसले आणि बाळकडे पाहिले. बाळने नकळत शर्टाची बाही वर केली. सहाव्या वर्षी केली होती तशीच. "पण आधी एक इचारतंय, वयनी. पयलीच मा ही?"

"म्हणजे?"

"पयली आसली तर उतारतली. दुसऱ्यांदा चढलेली माझ्या हातान उतराची नाय. काकाच्या हातानय नाय उतरली कधी. आमच्या इद्येचो नेमच तसो. खरा सांगा, नायतर माझ्यार येतली."

तोच प्रश्न डॉक्टरांनी दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी तो परतवला होता. पण डॉक्टरांना नाव घेणे वर्ज्य नव्हते, काशीरामला होते. ज्या घराण्याने नाव घेऊ नका म्हणून बजावले, त्याच घराण्याचा माणूस ते विचारीत होता. पहिली म्हणावे तर त्याने टोचलेच. दुसरी म्हणावे तर नाव घेतल्यासारखेच.

बाळ बाही वर करून बसला होता. त्याचा दंड काडीसारखा झाला होता.

"दुसरी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काय?" कुंदा दारामागून बाहेर आली.

"दुसरी कावीळ आहे त्याची. कावीळ. कावीळ झाली होती त्याला, एकोणपन्नास साली." एकदा नाव घेतल्यावर काटकसर करण्याचे कारण नव्हते. "काशीराम, सामान आवर. कुंदा, त्याला चहा दे. बाळ, बाही खाली कर."

काशीरामने दाभण गुंडाळले, चहा प्यायला आणि सुटल्यासारखा निघून गेला. कोणी बेशुद्ध पडले नाही. बाळचे डोळे होते तेवढेच पिवळे राहिले. रत्नप्रभाबाईंनी हे दुपारी आणि संध्याकाळी असे दोनदा तपासून पाहिले.

सोमवारी त्या बाळला घेऊन साडेआठलाच रुग्णालयात हजर झाल्या. बाळ खाटेवर पडतो न पडतो तोच गोळ्यांची पुडी घेऊन परिचारिका आली. रत्नप्रभाबाईंनी ती तिच्या हातून काढून घेतली आणि डॉक्टर मृणालिनी येईपर्यंत मुठीत धरून ठेवली.

"त्याला लहानपणी कावीळ झाली होती," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. त्यांनी 'मग आधी का नाही सांगितलंत' असे विचारले नाही. ते पुढे बरेच दिवस रत्नप्रभाबाईंच्या लक्षात राहिले. "कुणी बरी केली?"

"उतरवली. दाभणाने तीन टोचे."

"एकाच दाभणाने सगळ्यांना?"

"दाभण एकच होतं. पिढीजात आहे."

"तुमच्या आधी किती मुलं होती?"

"चार. मग मी. मग हा."

"दाभण धूत होते का?"

"पुसत होते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "धोतराला. धोतर स्वच्छ होतं."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "आजी... वहिनी. मुलांना होते ती कावीळ बहुधा पाण्यातून येते. विश्रांती घेतली की आपोआप बरी होते. पण काविळीची दुसरी एक जात आहे, ब प्रकारची. ती रक्तातून येते. सुईतून, दाभणातून. ती कधीकधी जात नाही, यकृतात झोपून राहते. शरीराचा पहारा असतो तोवर गप्प असते."

रत्नप्रभाबाईंनी हिशेब जुळवला. "म्हणजे जी उतरवली ती आपोआपच उतरणार होती. आणि ही, ती उतरवताना चढली."

"तसं निश्चित सांगता येणार नाही."

"निश्चित कोण विचारतंय तुम्हाला?"

रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला की ऑस्ट्रेलिया अँटिजेन आढळले आहे. आमच्या घराण्यातले कोणी ऑस्ट्रेलियाला गेलेले नाही, असे रत्नप्रभाबाईंनी स्पष्ट केले. ते विषाणूच्या खुणेचे नाव आहे, ती प्रथम तिकडच्या माणसाच्या रक्तात सापडली, असे डॉक्टरांनी सांगितले. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी मागून घेतली, तिची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"मग आता औषध कोणतं?" रत्नप्रभाबाईंनी विचारले.

"यावर आमच्याकडे औषध नाही," डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या. " गाठींची औषधं थांबवायची, दर चार दिवसांनी रक्त तपासायचं आणि वाट पाहायची. यकृताने तग धरला तर माणूस वाचतो."

"आणि नाही धरला तर?"

"तर नाही वाचत."

"मी फेब्रुवारीत सांगितलं असतं तर?"

"रक्त आधीच तपासलं असतं. गोळ्या टाळल्या असत्या किंवा जपून दिल्या असत्या, दर आठवड्याला यकृतावर नजर ठेवली असती. कदाचित इथवर आलं नसतं. कदाचित आलंही असतं."

"कदाचित हे काही उत्तर झालं नाही."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझ्याकडे तेच आहे."

घरी पाठवताना त्यांनी एक काम नेमून दिले. यकृत थकले की मेंदूवर झापड येते, आणि ती सर्वांत आधी अक्षरात दिसते. रोज सकाळी रोग्याकडून त्याचे नाव लिहून घ्यायचे. अक्षर बिघडले की वेळ न घालवता यायचे.

रत्नप्रभाबाईंनी शंभर पानी वही आणवली. बाळला मुळाक्षरे त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे त्याच्या हाताची प्रत्येक खोड त्यांना ठाऊक होती. रोज सात वाजता तो 'बाळ परब' असे पाच वेळा लिही आणि त्या चष्मा लावून पाहत. कुंदाखेरीज कोणाला त्याच्या खोलीत यायची मुभा नव्हती. देवाला होती, पण तोही बाहेरच्या खोलीतच राहिला. अकरा दिवस अक्षर सरळ आले. बाराव्या दिवशी पाचही ओळींत त्याने 'बळ परब' लिहिले.

"वहिनी, बळ लिहिलंय!" कुंदा म्हणाली. "शुभशकुन आहे हा."

"काना गळलाय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "रिक्षा बोलाव."

रिक्षात तो त्यांच्या खांद्यावर डोके टाकून झोपला आणि कांजूरमार्गाला त्याने, "वहिनी, धोंडूकडे नको," असे म्हटले. "नाही नेत," त्या म्हणाल्या. मग रुग्णालय येईपर्यंत त्यांनी त्याला झोपू दिले नाही. पाढे म्हणायला लावले. तेराच्या पाढ्यात तो अडखळला. पण तेराच्या पाढ्यात तो सहावीतही अडखळत असे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना.

रुग्णालयात सलाईन लावले, डाळ आणि दूध बंद केले, पोट साफ राहण्यासाठी गोड पातळ औषध दिले. पुढे जे करायचे ते यकृताने करायचे होते. रत्नप्रभाबाई दिवसभर खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीत ताठ बसून राहत. हुकूम देता येण्यासारखे त्या खोलीत काही नव्हते. यकृताला हुकूम देता येत नाही, हे त्यांना एकोणसाठाव्या वर्षी कळले. पाठीला बाक न आणता त्यांनी ते कळून घेतले.

आठव्या दिवशी सकाळी बाळने वही मागितली आणि लिहिले. काना जागेवर होता. डॉक्टर मृणालिनींनी वहीचे ते पान पाहिले आणि रक्ताचा अहवाल दाखवला. आठशेचे दोनशे झाले होते. रत्नप्रभाबाईंनी खुर्चीला पाठ टेकवली. परिचारिकांनी त्यांना तसे बसलेले प्रथमच पाहिले.

पुढच्या रविवारी काशीरामला बोलावणे गेले. तो आला.

"दाभण दे."

"पिढीजात आसा ता, वयनी."

"म्हणूनच मागतेय. आणि उद्या जाऊन रक्त तपासून घे. गेल्या वर्षभरात कुणाकुणाला टोचलंस त्यांनाही सांग. यादी कर. मी वाचणार आहे."

त्याने दाभण दिले. रत्नप्रभाबाईंनी ते डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले, आणि डॉक्टरांनी ते चिमट्याने उचलले. त्याच फेरीत रत्नप्रभाबाईंनी स्वतःचे आणि कुंदाचे रक्तही दिले. कुंदाचे निर्दोष निघाले. रत्नप्रभाबाईंच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता. शरीराने त्याला केव्हाच हाकलले होते. आपल्याला न विचारता हे झाले याचे त्यांना नवल वाटले.

ऑगस्टच्या शेवटी बाळच्या मानेवर वाटाण्याएवढी एक गाठ पुन्हा आली. डोळे आता पांढरे होते. औषधे पुन्हा सुरू करायची, पण कमी मात्रेत, पांढऱ्या गोळ्या वगळून, आणि दर सोमवारी यकृताची तपासणी, असे ठरले. नवा फेरा म्हणून नवा कागद आला. डॉक्टर मृणालिनींनी तो पुढे ओढला.

"मधुमेह?"

रत्नप्रभाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बाळने सवयीने त्यांच्याकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस? तुला विचारलंय."

"नाही," बाळ म्हणाला.

"रक्तदाब?"

"नाही."

"पूर्वी कधी कावीळ?"

सदतीस वर्षांत वहिनीच्या समोर त्याने हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

"झाली होती," तो म्हणाला.

"दोनदा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "नीट सांग."